बॅट कोणाच्या हाती होती

खेळावरच्या विनोदी चित्रपटांचा एक साचा अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर पक्का झाला. १९७६ च्या 'द बॅड न्यूज बेअर्स'मध्ये कुणालाच नको असलेल्या पोरांचा संघ आहे. झेल सुटतात, चेंडू पायांमधून निसटतो, प्रशिक्षक दारूच्या अमलाखाली असतो आणि प्रेक्षक हसत राहतो. २००६ च्या 'द बेंचवॉर्मर्स'मध्ये खेळात कच्चे म्हणून लहानपणी बाजूला ठेवलेली मोठी माणसं पोरांच्या संघांविरुद्ध बेसबॉल खेळायला उतरतात. आपल्याकडे हा साचा क्रिकेटच्या रूपाने आला आणि कोल्हापूरच्या आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'मध्ये (२००१) तो सगळ्यांत परिणामकारक ठरला. ज्यांना बॅट धरता येत नाही अशा गावकऱ्यांचा संघ जमतो, पहिला अर्धा भाग त्यांच्या फजितीवर चालतो आणि शेवटी जिद्दीच्या बळावर ते जिंकतात. हा साचा लोकांना आवडतो, कारण त्यात दुबळ्याच्या बाजूने उभं राहण्याचं समाधान आहे. पण पुणे जिल्ह्यात बॅट-बॉलचा खेळ कसा रुजला, याचा इतिहास या साच्याशेजारी ठेवला की त्यातली एक मोठी चूक उघडी पडते. साचा म्हणतो की दुबळ्यांच्या अंगात खेळ नव्हता, तो मनाच्या बळावर आला. इतिहास सांगतो की खेळ अंगात होता. तो दाखवायची जागा कुणी द्यायची आणि कुणी नाकारायची, हे दुसरेच ठरवत होते. दोष खेळाडूच्या शरीरावर टाकला की दार अडवून उभ्या असलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून या चुकीकडे गांभीर्याने पाहायला हवं.

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे केलेल्या उत्खननामुळे ते जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक आहे. गावाच्या एका अंगाला शिरूर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचं घोडनदी. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांची छावणी होती. दुसऱ्या अंगाला दौंड. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते रेल्वेचं मोठं जंक्शन झालं. छावणी आणि रेल्वे या दोन वाटांनीच इंग्रजी खेळ दख्खनच्या आतल्या भागात शिरले. पलटणीतले गोरे अधिकारी वेळ घालवायला क्रिकेट खेळत, रेल्वेचे साहेब क्लब काढत, आणि त्या मैदानांच्या कडेला उभी असलेली देशी पोरं पाहत शिकत. ही पोरं कोऱ्या हातांनी पाहत नव्हती, हे विसरता कामा नये. जमिनीतल्या खोबणीवर विटी आडवी ठेवून ती दांडूने कोलायची, हवेत उडवून टोलवायची, समोरच्याने झेल घेतला की बाद व्हायचं, हा सगळा हिशेब गावोगावच्या पोरांच्या हाताडोळ्यांत आधीच होता. नजर, मनगट आणि झेल या तिन्ही गोष्टी विटीदांडूत लागतात. क्रिकेट काय किंवा बेसबॉल काय, लाकडाने उडती वस्तू मारण्याचं कसब इथे बाहेरून आणायची गरज नव्हती. बाहेरून आले ते नियम, साहित्य आणि मैदानाचं कुंपण.

त्या कुंपणाच्या आत काय घडत होतं याची सगळ्यांत स्पष्ट साक्ष बाळू पालवणकरांच्या आयुष्यात मिळते. त्यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं चांभार समाजातलं, आडनाव कोकणातल्या पालवणवरून आलेलं. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आलं आणि बाळू व त्यांचा भाऊ शिवराम अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात, मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले, पगार झाला ४ रुपये. कामं ठरलेली: नेट बांधायचं, खेळपट्टी दाबायची, चुन्याच्या रेषा ओढायच्या, टेनिसची कोर्टं आखून द्यायची. मग एका साहेबाने त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला सांगितलं आणि त्यांचा डावखुरा, संथ, वळणारा चेंडू सगळ्यांच्या नजरेत भरला. तेव्हाच्या प्रेसिडेन्सीतला नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केलं की तो दर खेपेला आठ आणे देई, असं सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला महिन्यात आठ बळींत दुसरा पगार मिळे, हा हिशेब ध्यानात घेतला की त्या नेटमधल्या प्रत्येक चेंडूमागची एकाग्रता समजते. वर्षानुवर्षं रोज तासन् तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकून, समोरच्याचा पाय कुठे पडतो ते पाहून, बोटांच्या पकडीत तसूभर फरक करून ही फिरकी घडली. तिला चमत्कार म्हणणं म्हणजे त्या कष्टांवर पाणी टाकणं.

आता याच नेटची दुसरी बाजू पाहू. इतकी वर्षं बाळूंनी पुण्याच्या त्या मैदानावर गोलंदाजी केली, पण तिथे त्यांच्या हातात फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही. घाम गाळून चेंडू टाकणं हे चाकराचं काम, बॅट घेऊन उभं राहणं हे साहेबाचं, अशी ती वाटणी होती. पुढे प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी लागले, सरासरी फक्त १५.२१, फलंदाजीची सरासरी मात्र १३.६९. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, गोलंदाज मोठा, फलंदाज बेताचा. पण ज्याला घडणीच्या वयात बॅट धरूच दिली नाही, त्याची फलंदाजीतली कमतरता त्याची होती की जिमखान्याची? या प्रश्नाचं उत्तर त्याच घरात मिळतं. धाकटे भाऊ विठ्ठल मुंबईत शाळेत शिकले, त्यांना सुरुवातीपासून बॅट हाती धरता आली, आणि ते आपल्या काळातले नावाजलेले फलंदाज झाले. शिवरामही चांगले फलंदाज होते आणि सगळ्यांत धाकटे गणपतही वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले. एका घरातल्या भावांची अशी तुलना इतिहासात क्वचितच हाती लागते. घर एक, जात एक, संधीत फरक, आणि तो फरक थेट धावांत उतरलेला दिसतो.

शरीराची दुर्बळता ही परिस्थितीची नोंद असते, हे समजायला इनामगावचं उत्खननही मदत करतं. तिथे ताम्रपाषाणयुगातली, साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली वस्ती मिळाली. घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेल्या बालकांचे अवशेष मोठ्या संख्येने सापडले. त्या बालकांच्या हाडांचा आणि दुधाच्या दातांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. मूल आजारी पडलं किंवा त्याचं पोषण तुटलं की वाढणाऱ्या दाताच्या आवरणात दोष राहतो, आणि तीन हजार वर्षांनीही तो वाचता येतो. त्या पोरांना अभ्यासकांनी कमकुवत ठरवलं नाही. त्या काळातलं अन्न, पाऊस आणि आजारपण त्यांच्या दातांवरून शोधलं. सुटलेल्या पोटाचा, धावताना धापा टाकणारा, चेंडू पाहून डोळे मिटणारा गडी पडद्यावर आला की हाच प्रश्न आपण विसरतो. त्याचं शरीर असं का झालं, त्याला लहानपणी मैदान मिळालं का, पोटभर मिळालं का, हे चित्रपट विचारत नाही. त्याचं वेंधळेपण जन्मजात धरतो आणि त्यावर हशा वसूल करतो.

बाळूंची कीर्ती जिमखान्याच्या कुंपणाबाहेर गेली तेव्हा पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा, पण तो अस्पृश्य. क्लबातल्या काही तेलुगू सभासदांनी त्यांना घेण्याची बाजू धरली, स्थानिक ब्राह्मण खेळाडूंनी विरोध केला, आणि अखेर जिंकण्याची गरज वरचढ ठरून बाळू संघात आले. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात या काळाचं जे चित्र दिलं आहे, त्यातलं एक दृश्य नीट न्याहाळण्याजोगं आहे. मैदानावर चामड्याचा तोच चेंडू बाळूंच्या हातून यष्टिरक्षकाकडे, तिथून स्लिपमधल्या खेळाडूकडे, पुन्हा बाळूंकडे फिरतो आहे. कुणाला विटाळ नाही. चहाची सुट्टी होते. बाकीचे पॅव्हिलियनमध्ये कपबशा घेऊन बसतात. बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जातो. त्यांना तोंड धुवायचं तर पाणी घालायला अस्पृश्य समाजातलाच चाकर. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. सुट्टी संपली की तोच चेंडू पुन्हा सगळ्यांच्या हातांतून फिरू लागतो. या माणसाच्या अंगी कौशल्य कमी होतं असं त्या क्लबात कुणीच म्हणत नव्हतं. ते होतं म्हणून तर त्याला आत घेतलं होतं, आणि ते असूनही बाहेर बसवलं होतं.

'लगान'ची कथा १८९३ मध्ये घडते. त्या वर्षी पुण्यात सतरा वर्षांचा खराखुरा बाळू युरोपियनांना नेटमध्ये चकवत होता. चित्रपटातला अस्पृश्य फिरकी गोलंदाज कचरा याचं बाळूंशी असलेलं साम्य अनेकांनी दाखवलं आहे, आणि 'लगान'चं मोठेपण नाकारायचं कारण नाही: त्याला संघात घेण्यावरून गावात होणारा कलह चित्रपट टाळत नाही. पण या पात्राची घडण पाहा. त्याचा हात वाकडा आहे, आणि त्या व्यंगामुळे चेंडू आपोआप वळतो. नायकाच्या ते योगायोगाने लक्षात येतं, तो त्याला बोलावतो, तोच त्याच्या वतीने गावाशी भांडतो. म्हणजे कौशल्य अपघाताने आलेलं, ते ओळखणारा दुसरा आणि न्याय मागणाराही दुसरा. बाळूंच्या बाबतीत तिन्ही गोष्टी उलट्या होत्या. कौशल्य घामाने कमावलेलं, त्याची किंमत त्यांना स्वतःला पुरती ठाऊक, आणि हक्कासाठी पुढे त्यांचे भाऊ स्वतः उभे राहिले. व्यंगातून निघालेली फिरकी दाखवली की प्रेक्षकाला अचंबा वाटतो. नेटमधली वर्षं दाखवली असती तर ती वर्षं चार रुपयांत विकत घेणाऱ्यांचाही विचार करावा लागला असता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बाळू अपवाद होते. असामान्य प्रतिभेच्या एका माणसावरून सगळ्या दुबळ्या संघांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. काही संघ खरोखरच कच्चे असतात. हे मान्य आहे, आणि अशा कच्च्या संघाचं उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. पारशी समाजातली पोरं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोऱ्यांची नक्कल करत क्रिकेट खेळू लागली तेव्हा छत्र्यांच्या बॅटी, उंच टोप्यांचे स्टंप आणि चिंध्यांचे वेडेवाकडे चेंडू होते. विनोदी चित्रपटाला याहून चांगली सुरुवात कुठे मिळेल? १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८८६ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला गेला आणि २८ सामन्यांत एकच जिंकून, १९ हरून आला. दोन वर्षांनी पुन्हा गेला, ३१ सामन्यांत ८ जिंकले, ११ हरले. १८९० च्या जानेवारीत मुंबईत त्यांनी जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला हरवलं तेव्हा साऱ्या शहरात आनंद झाला. पहिल्या क्लबापासून त्या विजयापर्यंत बेचाळीस वर्षं गेली. 'लगान'मधल्या गावाला तीन महिने मिळतात. कच्चा संघ तयार होतो, पण त्याला वेळ, पैसा, मैदान आणि पुन्हा पुन्हा हरूनही खेळत राहण्याची मुभा लागते. पारशी समाजाकडे व्यापारातून आलेलं भांडवल होतं, बोटीची तिकिटं काढणारे धनिक होते. तरीही मैदानावरच्या हिरवळीसाठी त्यांना १८८०च्या दशकात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या साहेबांविरुद्ध सरकारकडे अर्जांमागून अर्ज करावे लागले. मनाचं बळ त्यांच्याकडे पहिल्या दिवशीही होतंच. त्या बळाने १८८६ मधले एकोणीस पराभव टळले नाहीत. तेव्हा खऱ्या कच्च्या संघाचा इतिहाससुद्धा साच्याच्या विरुद्धच साक्ष देतो.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि अजूनही ऐकू येतो: बाळूंना वर आणलं ते इंग्रजांनी, आपल्याच लोकांनी अडवलं, तेव्हा श्रेय ग्रेगला द्या. यातला अर्धा भाग खरा आहे. ग्रेगने त्यांची गुणवत्ता ओळखली, आणि हिंदू क्लबाने हा गोलंदाज घेतला नाही तर तो मूर्खपणा ठरेल अशा अर्थाचं मत त्याने जाहीरपणे मांडलं, असं नोंदलेलं आहे. पण ज्या जिमखान्यात तो रोज सराव करी, त्याच्या संघात बाळूंना जागा नव्हती आणि फलंदाजीही नव्हती. नेटमध्ये उत्तम गोलंदाज मिळणं ही ग्रेगची सोय होती; त्या सोयीतून बाळूंचंही भलं झालं, एवढंच. एका बाजूला वर्णाची भिंत, दुसऱ्या बाजूला जातीची, आणि दोन्ही बाजूंना या माणसाचे श्रम हवे होते. एका भिंतीचं श्रेय काढून दुसरीवरचा दोष वाढवण्याने दोन्हीपैकी कुठलीच खाली येत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. चित्रपट म्हणजे इतिहासाचं पाठ्यपुस्तक नव्हे. ज्या मुलाला भिडू वाटताना सगळ्यांत शेवटी घेतलं जातं, त्याला दोन तास वाटू द्या की आपणही जिंकू. त्यात बिघडलं काय? त्या मुलाविषयीची ही कळकळ मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच्यासाठी आपल्या अंगणातल्या खेळांनी याहून चांगली सोय केली होती. लहान किंवा कमजोर पोराला लिंबू-टिंबू म्हणून खेळात घ्यायचं. तो पळेल, लपेल, विटी कोलेल, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. या रिवाजाने त्याला खेळण्याचा हक्क दिला आणि त्या बदल्यात त्याच्याकडून विजय मागितला नाही. विनोदी चित्रपट मात्र विजय मागतो, निदान विजयाच्या तोलाचं काहीतरी मागतो. वेंधळ्या गड्याला शेवटचा फटका मारावाच लागतो, तेव्हा कुठे त्याचं माणूसपण सिद्ध होतं. 'बॅड न्यूज बेअर्स'ला याचं श्रेय द्यायला हवं की त्यातला संघ अंतिम सामना हरतो. पण तो तिथवर पोचतो तोही एक तयार गोलंदाज मुलगी आणि एक बाहेरचा तगडा पोरगा संघात आणल्यावरच. बाकीच्यांचा खेळ मनोधैर्याने फार सुधारत नाही, हे त्या लेखकांनाही कळत होतं. राज्य घेण्याची ताकद नसलेल्याला डावात ठेवणं आणि ताकद असलेल्याला डावाबाहेर ठेवणं हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. साचा त्यांची एकच मोट बांधतो, त्यामुळे पहिल्याला लागणारी माया आणि दुसऱ्याला लागणारा न्याय, दोन्ही अर्धवट राहतात.

साच्यातून बाहेर पडता येतं याचा पुरावा मराठी माणसाच्याच कामात आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलभोवती जमवून जे काम उभारलं, त्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये 'झुंड' केला. त्यातल्या पोरांना पळता येत नाही म्हणून कुणी हसत नाही, कारण ती पहिल्यापासून वाऱ्यासारखी पळतात. अडथळे येतात ते भिंतीचे, पोलिसांतल्या नोंदीचे, ओळखीच्या कागदाचे, पासपोर्टचे. खेळाच्या सामन्याला चित्रपटात जेवढा वेळ मिळतो, त्याच्या बरोबरीने एका मुलीच्या दाखल्यासाठीच्या धावपळीला मिळतो. ज्यांना हा उत्तरार्ध रेंगाळलेला वाटला त्यांचं म्हणणं मला पटत नाही. बाळूंच्या चहाच्या भांड्याला एकविसाव्या शतकात जी रूपं आली आहेत, ती सरकारी खिडकीसमोरच्या रांगेतच दिसतात, आणि रांग भराभर दाखवता येत नाही.

बाळू १८९६ च्या सुमारास, पुण्यात प्लेगची साथ आली त्या दिवसांत, मुंबईला गेले आणि तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही आधी खळखळ झालीच. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांशी सामना खेळला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी, आणि बाळूंचे दोन्ही डावांत मिळून आठ बळी. पुढच्याच वर्षी पुन्हा विजय. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी ६ जिंकला, १५ हरला. असल्या हरणाऱ्या संघात, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, खांदा दुखत असताना बाळूंनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. एवढं करूनही कर्णधारपद त्यांना एकदाही मिळालं नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांसाठी त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जातीचं कारण उघडपणे मांडून अंग काढून घेतलं. वाद वर्तमानपत्रांत गाजला. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली: दोघे परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं, आणि कर्णधार एम. डी. पै काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे येईल. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. त्यांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. खेळाडूच्या हातून आलेला इतका महत्त्वाचा सामाजिक दस्तऐवज आपल्याकडे फार थोड्यांनी वाचला असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आज टेनिस बॉलचं क्रिकेट गावोगाव खेळलं जातं, आणि या भागावर कुणी विनोदी खेळपट काढला तर त्याचा साचा कोणता असेल हे सांगायला ज्योतिषी नको. पण विनोदाला या इतिहासात भरपूर जागा आहे. फक्त हसण्याची दिशा बदलावी लागेल. चेंडू चालतो पण कप चालत नाही असं मानणाऱ्या क्लबातला चहा हा विनोदाचाच विषय आहे. स्वतःच मैदान सोडून जाणारा कर्णधार हाही आहे. आणि साताऱ्याचा सामना तर तयार पटकथाच आहे. पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याला जायचा होता. तिथल्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा धसका घेतला आणि चेंडूला वळण मिळू नये म्हणून आठवडाभर आधीपासून खेळपट्टीवर रोलर फिरवायला लावला. ज्याने कोवळ्या वयात रोलर ओढूनच पोट भरलं होतं, ज्याला दाबलेल्या मातीचा पोत पायाच्या तळव्याने कळत होता, त्याला अडवायला त्यांनी रोलरच निवडला. बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना पुण्याने जिंकला.